मॉरिशसला गोल्फ खेळायला जाताना: वारा, वेळापत्रक आणि उरलेलं बेट

मॉरिशस नकाशावर एवढंसं दिसतं. उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम ४५. त्यावर अठरा होलचे दहाहून जास्त कोर्स, तीन-चार महत्त्वाची देवस्थानं, युनेस्कोच्या यादीतली दोन ठिकाणं आणि चहूबाजूंनी समुद्र. मग पहिल्यांदा जाणारा माणूस हिशोब करतो: सकाळी पूर्वेला गोल्फ, दुपारी राजधानी, संध्याकाळी पश्चिमेला सूर्यास्त. हाच हिशोब चुकतो. रस्ते अरुंद आहेत, उसाच्या गाड्या पुढे असल्या की मागे रांग लागते आणि राजधानी पोर्ट लुईच्या तोंडाशी सकाळ-संध्याकाळ हमखास कोंडी होते. नकाशावरचे ४० किलोमीटर सहज सव्वा तास खातात.

म्हणून या सहलीचा एकच नियम धरून चाला: आधी कोर्स ठरवा आणि त्या दिवशी त्याच्या शेजारचंच काहीतरी बघा. सात रात्रींत तीन राउंड (अठरा होलचा एक खेळ म्हणजे एक राउंड) पुरे. पाच राउंड बसवता येतात, पण मग देऊळ, बाजार, संग्रहालय हे सगळं थकलेल्या पायांनी आणि घड्याळाकडे बघत उरकावं लागतं. सोबतचा न खेळणारा माणूस तिसऱ्या दिवशी वैतागतो, ते वेगळंच.

पहिली पायरी: महिना, आणि त्याहून जास्त वारा

मॉरिशस दक्षिण गोलार्धात आहे. मे ते ऑक्टोबर तिथला हिवाळा: कोरडा, सुखद, किनाऱ्यावर दुपारी पंचविशीच्या आसपास. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा: गरम, दमट, सरींचा. चक्रीवादळांचा मुख्य काळ जानेवारी ते मार्च. वादळाचा वरच्या वर्गाचा इशारा लागला की कोर्स, दुकानं, विमानं सगळं बंद होतं आणि हॉटेलात बसून राहावं लागतं. या महिन्यांत तिकिटं स्वस्त मिळाली, तर ती का स्वस्त आहेत हे लक्षात ठेवून घ्या.

आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे वर्षभर असतात, पण जून ते ऑगस्टमध्ये ते खरे जोर धरतात. ते आदळतात पूर्व किनाऱ्यावर, आणि नावाजलेले कोर्स नेमके तिथेच आहेत: इल ओ सेर्फ, आनाहिता, बेल मार. जुलैत पूर्वेला राहून तीन राउंड खेळायचे ठरवले, तर नवख्या खेळाडूचा निम्मा वेळ बॉल शोधण्यात जातो. त्या महिन्यांत मुक्काम पश्चिमेला ठेवा. तामारां, फ्लिक आं फ्लाक, ल मॉर्न हा भाग डोंगरांच्या आडोशाला येतो आणि पाऊसही कमी. फरक किती, तर मधल्या पठारावर वर्षाला ४००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि पश्चिम किनाऱ्यावर ९०० च्या आसपास. एकाच दिवशी पठारावरच्या क्यूरपिप गावात छत्री लागते आणि अर्ध्या तासावर तामारांत लख्ख ऊन असतं.

सगळं जुळवायचं तर सप्टेंबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा उत्तम. वारा उतरलेला असतो, ऑक्टोबर बहुधा वर्षातला सगळ्यात कोरडा महिना असतो.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जून-जुलैत सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो आणि पावणेसहाच्या आत मावळतो. दुपारी दोनला सुरू केलेले अठरा होल अंधारात संपतात. हिवाळ्यात दुपारी फक्त नऊ होल धरा.

दुसरी पायरी: कोर्स निवडताना शेजार बघा

कोर्सची जाहिरात बघून निवड करू नका. प्रत्येक कोर्सच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या परिघात काय आहे ते बघा.

पूर्वेचा इल ओ सेर्फ कोर्स जर्मन गोल्फपटू बेर्नहार्ड लँगरने आखलेला आहे. तो खाडीतल्या स्वतंत्र बेटावर आहे, म्हणजे बोटीनेच जायचं. गोल्फरांची बोट आणि समुद्रकिनाऱ्यावर जाणाऱ्या पर्यटकांच्या बोटी वेगळ्या असतात. बुकिंग करताना धक्का कोणता आणि तुमच्या टी टाइमसाठी, म्हणजे पहिला फटका मारायच्या ठरलेल्या वेळेसाठी, बोट किती वाजता, हे लिहून घ्या. टी टाइमच्या सव्वा तास आधी धक्क्यावर पोहोचलात तर घाई होत नाही. इथे पाणी, खारफुटी आणि काळे ज्वालामुखी दगड जवळपास प्रत्येक होलवर आहेत. हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा (जितका जास्त तितका खेळ कच्चा), २० च्या वर असेल तर दीड ते दोन डझन बॉल न्या. नवे महागडे बॉल मुळीच नकोत. हा कोर्स सहलीतला पहिला राउंड म्हणून घेऊ नका, आधी हात बसू द्या. सोबतच्या न खेळणाऱ्यांना त्याच बेटावरच्या किनाऱ्यावर जाता येतं, त्यामुळे कुटुंबाच्या दृष्टीने हा दिवस आपोआप सुटतो.

आनाहिता गोल्फपटू एर्नी एल्सने आखलेला. फेअरवे, म्हणजे खळग्याकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा, रुंद, अठरावा होल खाडीच्या कडेने. बेल मारला दोन कोर्स आहेत, लेजंड आणि लिंक्स. लेजंड जुना, झाडीतून जाणारा आणि अरुंद. लिंक्स थोडा मोकळा, पण मधूनच दगडांचे ढीग. वाऱ्याच्या दिवशी लेजंडची झाडी आडोसा देते, एवढं लक्षात ठेवा.

दक्षिणेला बेल ओम्ब्रमध्ये पीटर मॅटकोव्हिचने आखलेला ‘हेरिटेज’ रिसॉर्टचा जुना कोर्स आहे. डोंगर मागे, समुद्र पुढे, आणि मधोमध जुनी वसाहतकालीन हवेली. नवख्यांसाठी आमची पहिली पसंती हीच, कारण अठरा होलच्या जोडीला नऊ होलचा छोटा कोर्सही आहे. ज्यांच्याकडे हँडिकॅप नाही त्यांनी तिथे एक दिवस घालवावा. शेजारीच २०२३ मध्ये सुरू झालेला ला रेझर्व्ह लिंक्स आहे. तो दिसायला मोकळा वाटतो, पण लाटांसारखी जमीन आणि वारा मिळून चांगलाच घाम काढतो. वर्षभर तरी नियमित खेळल्याशिवाय तिकडे वळू नका.

पश्चिमेला तामारिना हा रॉडनी राइटचा कोर्स. सुकं गवत, मधून नदी, मागे रेंपार डोंगराचं टोक. इथून शामारेल आणि ल मॉर्न दोन्ही जवळ. ल मॉर्नच्या पायथ्यालाच पारादी कोर्स आहे. तो बहुतांशी सपाट आहे, पण शेवटचे होल पाण्यालगत येतात.

पठारावर ब्वा शेरीच्या चहाच्या मळ्यांत अव्हालोन कोर्स आहे आणि व्हाकोआत जिमखाना. जिमखाना क्लब १८४४ सालचा, ब्रिटिश लष्कराच्या काळातला. आजच्या मापाने तो छोटा आहे, पण जुन्या वृक्षांमधून फिरायला छान. सभासदांचा क्लब असल्यामुळे पाहुण्यांना कोणत्या दिवशी प्रवेश आहे ते आधी विचारावं लागतं. उत्तरेला ग्राँ बेजवळ मों श्वाझी हा कोर्स.

आता जोड्या लावा.

अव्हालोन घेतला तर दुपारी ब्वा शेरीचा चहा कारखाना आणि गंगा तलाव. तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. एकाच दिवसात गोल्फ आणि संस्कृती निवांत बसते अशी या बेटावरची ही सगळ्यात चांगली जोडी. फक्त पठार थंड आणि ओलं असतं, म्हणून वाऱ्या-पावसाचं जाकीट हवंच.

तामारिना किंवा पारादीनंतर शामारेल. तिथली सात रंगांची माती म्हणजे बेसॉल्ट झिजून उरलेली जमीन. लोखंडामुळे लाल-तपकिरी, ॲल्युमिनियममुळे निळसर-जांभळे पट्टे. हे रंग उन्हातच खुलतात. ढगाळ दुपारी गेलात तर सगळं मातकट दिसतं आणि तिकिटाचे पैसे गेल्यासारखे वाटतात. ढग असतील तर आधी धबधबा आणि रमची डिस्टिलरी बघा, ऊन पडलं की मातीकडे वळा.

मों श्वाझीनंतर पाम्प्लमूसची बाग आणि लागून असलेलं साखरेचं संग्रहालय. बागेत मोठ्या परातीएवढ्या पानांची कमळं आहेत. डासही आहेत, मलम लावून जा. साखरेचं संग्रहालय बंद पडलेल्या कारखान्यातच मांडलंय. या बेटाचा इतिहास एका जागी नीट समजून घ्यायचा असेल तर इथे दोन तास द्या. मजूर का आणले गेले, कुठून आणले गेले, हे कळल्यावर बाकीची ठिकाणं वेगळी दिसायला लागतात.

पूर्वेच्या कोर्सना मात्र असा जवळचा जोडीदार नाही. तिथला दिवस गोल्फ आणि समुद्र एवढाच ठेवा.

पोर्ट लुईला स्वतंत्र दिवस

राजधानी गोल्फच्या दिवसाला चिकटवू नका. सकाळी नऊनंतर शहरात शिरा आणि साडेतीनच्या आत बाहेर पडा. कोंडी टळते.

सुरुवात आप्रवासी घाटाच्या परिसरातून करा. १८३४ मध्ये ब्रिटिशांनी गुलामांच्या जागी करारबद्ध मजूर आणण्याचा प्रयोग इथून सुरू केला. पुढच्या आठ-नऊ दशकांत सुमारे ५ लाख माणसं या बंदरात उतरली, बहुतेक भारतातली. बिहारकडची सगळ्यात जास्त, त्यांच्यामागे तामिळ, तेलुगू आणि मुंबई बंदरातून निघालेली कोकणातली. २००६ पासून ही जागा युनेस्कोच्या यादीत आहे. बघायला गेलं तर काय? थोड्या दगडी भिंती, मजुरांना ठेवायच्या खोल्यांचे अवशेष, रुग्णालयाचा भाग आणि सोळा पायऱ्या. बोटीतून उतरलेला माणूस याच पायऱ्या चढून वर यायचा. दगड काळा आणि खडबडीत, कडा झिजून गोल झालेल्या. मार्गदर्शकाशिवाय हे दहा मिनिटांत संपतं, मार्गदर्शकासोबत तासभर लागतो. प्रवेश मोफत आहे. रविवारी बंद आणि शनिवारी अर्धा दिवस, म्हणून आठवड्याच्या मधला दिवस धरा. गुलामगिरीवरचं संग्रहालय जवळच जुन्या लष्करी रुग्णालयात आहे. क्रम मात्र असा ठेवा: आधी ते संग्रहालय, मग घाट, म्हणजे कहाणी उलटी होत नाही.

मग बाजार. जेवणासाठी हॉटेल शोधत बसू नका. डाळपुरी घ्या, ती जोडीने मिळते, आत वालाची भाजी, वर चटणी. तिखट चालत नसेल तर आधीच सांगा, तिथली मिरचीची चटणी आपल्या ठेच्याला मागे टाकते. शाकाहारी माणसाचे या बेटावर हाल होत नाहीत, पण रश्शात मासळी आहे का हे विचारत जा.

कोदां बंदरावर ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ ची जगप्रसिद्ध टपाल तिकिटं आहेत. शाई उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर तासाला काही मिनिटंच दिवा लावतात, बाकी वेळ प्रतिकृती दिसतात. आत शिरतानाच दिव्याची वेळ विचारा आणि बाकीची दालनं त्या हिशोबाने बघा.

देवळं, सण आणि मराठी मॉरिशस

गंगा तलाव म्हणजे विवरातला तलाव, काठाशी शंकराची ३३ मीटर उंच मूर्ती. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला-बूट बाहेर. गोल्फची चड्डी गुडघ्याच्या वरच राहते, तेव्हा बॅगेत एक लांब पँट किंवा पंचा ठेवा. गोल्फचे बूट कोर्सवरच बदला, ओल्या दगडावर त्या तळव्यांनी घसरायला होतं. माकडं धीट आहेत, प्रसादाची पिशवी हातात उघडी धरू नका.

महाशिवरात्रीच्या आधीचे तीन-चार दिवस लाखो माणसं कावड घेऊन बेटाच्या कानाकोपऱ्यातून इथे चालत येतात. बघण्यासारखा सोहळा आहे, पण त्या दिवसांत पठारावर टी टाइम घेणं म्हणजे रस्त्यात अडकण्याचं बुकिंग. बघायचं तर गोल्फ बाजूला ठेवून बघा.

मराठी वाचकांनी गणेशचतुर्थीचा विचार जरूर करावा. मॉरिशसमध्ये ती सार्वजनिक सुट्टी आहे. २०२३ ते २०२५ या तिन्ही वर्षी ही सुट्टी भारतातल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आली, म्हणजे दीड दिवसाचा गणपती निघतो तो दिवस. तारीख दरवर्षी तिथल्या सरकारी यादीत तपासा. विसर्जन नदीत किंवा समुद्रात होतं. करारबद्ध मजुरांच्या वंशजांची मराठी मंडळी बेटभर पसरलेली आहेत, शाळांतून मराठी हा वैकल्पिक विषय शिकवला जातो आणि सणाला नाचली जाणारी ‘झाकरी’ ही कोकणातल्या जाखडीची लेक. घराघरांत मात्र क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, बोलतात. एखाद्या आजोबांना मराठी समजतं, नातवाला भजन पाठ असतं पण अर्थ विचारला तर तो हसतो. ‘तुमचं मराठी शुद्ध नाही’ असला शेरा मारू नका, दीडशे वर्षं टिकवलेली गोष्ट आहे ती. आरतीला टाळ धरून उभे राहिलात की ओळख आपसूक होते.

मोका या गावी महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या जुन्या नोंदी जपलेल्या आहेत. दूरच्या नात्यातलं कोणी त्या काळात गेल्याची घरात आठवण असेल तर नाव, गाव, अंदाजे साल लिहून घेऊन आधी संपर्क करा. नुसतं आडनाव सांगून काही हाती लागत नाही, कारण नोंदवहीत बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं नावच असतं, तेही कारकुनाला जसं ऐकू आलं तसं.

ल मॉर्नचा डोंगर ५५६ मीटरचा. पळून आलेले गुलाम त्याच्या कडेकपारींत लपून राहायचे, म्हणून २००८ मध्ये तो जागतिक वारशात आला. चढायचा असेल तर पहाटे निघा, तीन ते चार तास ठेवा. अर्ध्यानंतर हात टेकून चढावं लागतं आणि पाऊस पडून गेला असेल तर तो भाग धोक्याचा. चढाईच्या दिवशी गोल्फ नको, दुसऱ्या दिवशीही सकाळचा पहिला टी टाइम नको. मांड्या भरल्या की खाली वाकून बॉल टी करणंसुद्धा जड जातं.

बुकिंग: हे आधी विचारा

ग्रीन फी, म्हणजे कोर्सवर खेळायचं शुल्क, पॅकेजमध्ये ‘समाविष्ट’ आहे असं सांगतात, तेव्हा नेमकं काय समाविष्ट आहे ते लेखी घ्या. कार्ट सक्तीची आहे का आणि तिचं भाडं वेगळं का? रोज एक राउंड की मुक्कामात ठरावीक? हॉटेल ते कोर्स गाडी कोण देणार? रेंजवरचे, म्हणजे सरावाच्या मैदानावरचे, बॉल धरले आहेत का? भाड्याचा सेट डावखुऱ्यासाठी, बायकांसाठी मिळतो का? पावसाने राउंड अर्धवट राहिला तर पैसे परत की दुसरी वेळ? हॉटेल पॅकेजमध्ये ग्रीन फी फुकट आणि कार्ट विकत, हा प्रकार सर्रास असतो. तीन राउंडच्या कार्टचा आकडा एकूण खर्चात धरूनच दोन हॉटेलांची तुलना करा.

हँडिकॅपचं प्रमाणपत्र फोनमध्ये आणि एक प्रत कागदावर ठेवा, काही कोर्स मागतात. कॉलरचा शर्ट, मापाची चड्डी किंवा पँट, मऊ स्पाइक्सचे बूट. जीन्स आणि गोल गळ्याचा टी-शर्ट चालत नाही.

कागदपत्रं आणि सामान

मुंबईहून थेट विमान आहे, प्रवास साधारण सहा-सात तासांचा. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे. भारतीय पासपोर्टवर पर्यटकाला आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही, उतरल्यावर प्रवेश मिळतो. पण परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवायची तयारी ठेवा. निघण्यापूर्वी ऑनलाइन प्रवासी अर्ज भरायचा असतो, त्याचा क्यूआर कोड छापून ठेवा.

औषधांच्या बाबतीत बेफिकिरी नको. कंबरदुखीसाठी ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेल्या गोळ्या खिशात टाकून जाणारे गोल्फर बरेच. मॉरिशसमध्ये अशा औषधांवर कडक नियंत्रण आहे. शक्यतो नेऊच नका. नेणं भाग असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ पाकीट आणि आधी घेतलेली परवानगी हवी. ई-सिगारेटही घरीच ठेवा.

गोल्फ बॅग न्यायची की भाड्याने घ्यायची? नियमित खेळणाऱ्याने आपली न्यावी. नुकतीच सुरुवात केलेल्याने सेट भाड्याने घ्यावा, पण बूट, चार ग्लोव्ह्ज आणि बॉल स्वतःचे न्यावेत. दमट हवेत एक ग्लोव्ह सहा होलमध्ये भिजतो. दोन आलटून-पालटून वापरा, काढलेला कार्टच्या दांडीला अडकवा, खिशात कोंबू नका.

बॅग नेत असाल तर असं भरा: ड्रायव्हर आणि फेअरवे वूड या लांब क्लबांची (गोल्फच्या काठ्यांची) डोकी निघत असतील तर फिरवून काढा, मोज्यात गुंडाळून बॅगेच्या खिशात टाका. दांड्यांमध्ये टॉवेल घाला. मऊ कव्हर असेल तर सगळ्यात लांब क्लबपेक्षा पाच-सात सेंटिमीटर उंच असा आधाराचा दांडा मध्ये उभा करा. बॅग उलटी होऊन वरच्या टोकावर आपटली तर मार दांड्याला बसतो, क्लबला नाही. रेंजफाइंडर आणि पॉवर बँक हातातल्या सामानात. पिचमार्क (बॉल पडून गवतात झालेला खड्डा) दुरुस्त करायचं टोकदार साधन चेक-इनमध्ये. बूट आणि क्लबवरची माती ब्रशने धुऊन काढा. बेटांवर बाहेरची माती आणि बिया येऊ न देण्याबद्दल कस्टमवाले काटेकोर असतात. वजनाचा नियम प्रत्येक विमान कंपनीचा वेगळा, तो काउंटरवर नाही तर तिकीट काढतानाच लेखी विचारा.

भाड्याची गाडी घेणार असाल तर वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. लहान हॅचबॅकमध्ये मागची सीट पाडून दोन गोल्फ बॅगा बसतात, पण मग माणसंही दोनच. चौघं खेळणारे असाल तर व्हॅन सांगा. टॅक्सी मीटरवर चालेल असं धरू नका. पूर्ण दिवसाचा दर, थांबे आणि परतीची वेळ आधी ठरवा, आणि कोर्सवर पाच तास थांबायचं आहे हे स्पष्ट बोला.

कोर्सवर नेमकं काय वेगळं असतं

समुद्रालगतच्या बऱ्याच कोर्सवर पास्पालम गवत आहे. खारं पाणी सोसतं म्हणून लावतात. फेअरवेवर बॉल टीवर ठेवल्यासारखा वर उभा राहतो, तिथे मजा येते. पण ग्रीनच्या, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक गवताच्या, कडेला हेच गवत चिकट होतं. सवयीप्रमाणे सात नंबरच्या आयर्नने बॉल टेकवून घरंगळत न्यायला जाल, तर पहिल्या टप्प्यातच तो गवतात रुतून मरतो. तिथे वेज (बॉल उंच उचलणारा क्लब) घ्या, बॉल उचला आणि थेट ग्रीनवर उतरवा. रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, बॉल बुडाला असेल तर हायब्रिड (वूड आणि आयर्न यांच्या मधला क्लब) विसरा, गवत क्लबच्या मानेला गुंडाळून तोंड डावीकडे वळवतं. नऊ नंबरने बाहेर या. सकाळी दव असताना पटचा, म्हणजे ग्रीनवरच्या हलक्या फटक्याचा, वेग कमी असतो, दहा वाजल्यानंतर तोच पट दोन हात पुढे जातो. पहिल्या चार होलचा अंदाज पुढे वापरू नका.

समोरून १५ किलोमीटर वेगाचा वारा असेल तर साधारण एक क्लब जास्त, म्हणजे एक पायरी लांब मारणारा घ्या. पूर्वेला दुपारी तीन क्लबचाही फरक पडतो. जोर वाढवायचा नाही. जोरात मारलं की फिरकी वाढते, बॉल वर चढतो आणि हवेत थबकून खाली पडतो. मोठा क्लब घ्या, बोटभर खाली धरा, तीन-चतुर्थांश फटका मारा. वारा बहुधा सकाळी मंद असतो, म्हणून पूर्वेला सातचा टी टाइम मिळत असेल तर झोप मोडून घ्या.

काळे दगड हा या बेटाचा खास प्रकार. शेतं साफ करताना काढलेले बेसॉल्टचे ढीग ठिकठिकाणी तसेच ठेवलेत. दगडांतून मारायला जाल तर क्लबचं तोंड फुटतं आणि बॉल उलटा अंगावर येतो. एक दंड घ्या आणि बाहेर ड्रॉप करा. काही ठिकाणी दगडांसाठी स्थानिक नियम असतो, तो स्कोअरकार्डच्या मागे वाचा. शोधायला तीन मिनिटंच आहेत, शंका असेल तर आधीच प्रोव्हिजनल, म्हणजे पर्यायी बॉल, मारा. उसात गेलेला बॉल शोधायला शिरू नका. बहुधा ती हद्दीबाहेरची जागा असते आणि पात्यांनी हात कापले जातात.

पाणी तासाला अर्धा लिटर तरी प्या, ढग असले तरी. वाऱ्यामुळे घाम जाणवत नाही आणि चौदाव्या होलवर पोटऱ्यांत गोळे येतात.

सात रात्री, हिवाळ्यातल्या

पश्चिमेला चार रात्री, पूर्वेला तीन. पहिला दिवस फक्त पोहोचणं, बॅग उघडून क्लब तपासणं आणि लवकर झोपणं. दुसऱ्या दिवशी तामारिनाचा राउंड, दुपारी शामारेल. तिसरा दिवस पोर्ट लुई. चौथ्या दिवशी बेल ओम्ब्र किंवा अव्हालोन. अव्हालोन असेल तर गंगा तलाव त्याच दुपारी, बेल ओम्ब्र असेल तर परतताना ल मॉर्नचा किनारा. पाचव्या दिवशी सामान घेऊन पूर्वेकडे निघा आणि वाटेत मोका गावी थांबा. सहाव्या दिवशी इल ओ सेर्फ. सातवा दिवस मोकळा ठेवा. पावसाने वाया गेलेला राउंड तिथे सरकवता येतो. काहीच वाया गेलं नसेल तर पोहा.

वार बघून आखणी करा. रविवारी दुपारनंतर दुकानं मिटतात, पठारावरच्या गावांत गुरुवारीही दुपारीच. कात्र बोर्नचा कपड्यांचा बाजार गुरुवारी आणि रविवारी, माहेबूर्गचा सोमवारी. विमानतळ माहेबूर्गपासून अगदी जवळ आहे. परतीचं विमान सोमवारी संध्याकाळचं मिळालं तर सकाळी तो बाजार होतो. ओले बूट आदल्या रात्रीच वर्तमानपत्र कोंबून वाळत ठेवा, नाहीतर बॅगेत दोन किलो पाणी घरी येतं. आणि बॉलचे रिकामे खोके टाकून द्या. तिथे व्हॅनिला आणि चहा बसतो.